वैशाखातले अकरा मिलिमीटर

पार्बताबाईसमोर कोणी "आज लयच ऊन हाये नं" असं म्हटलं, की तिचा सवाल ठरलेला.

"किती?"

समोरची बाई गडबडायची. "किती म्हंजे? लय."

"लय म्हंजे किती वं? चव्वेचाळीस, का साडेपंचेचाळीस?"

अकोल्याच्या भाजीबाजारात पहाटेच्या हर्राशीला, म्हणजे भाजीच्या लिलावाला, तिच्या शेजारी बसणाऱ्या बायांना हे पाठ झालं होतं. टोपल्यातल्या सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्यांवर पाणी शिंपडता शिंपडता त्या मुद्दामच तिला छेडायच्या. पेपरात काल शेचाळीस लिहून आलं, असं एकीनं सांगितलं, की पार्बताबाईच्या कपाळावर आठी. "पेपरवाल्याच्या घरचं काय जाते? काल अडीच वाजता पंचेचाळीस पॉइंट दोन व्हतं." अमरावतीची कोणी पाहुणी आमच्याकडं जास्त तापते म्हणाली, तर मग विचारूच नका. आकड्याशिवाय बोलणाऱ्या माणसाचा तिला मनापासून राग होता.

हा राग उगाच नव्हता. सव्वीस वर्षं तिनं आकडेच वाचले होते.

शहराबाहेर बार्शीटाकळीच्या रस्त्याला एका बियाणं कंपनीचं प्रक्षेत्र होतं. तिथं ती निंदणाला जायची. प्रक्षेत्राच्या एका कोपऱ्यात तारेचं कुंपण, आत कापलेलं गवत, चार पायांवर उभी पांढरी झडपांची पेटी, पितळेचं पाऊसमापी आणि पाणी किती आटलं ते मोजायची मोठी परात. तिथला बाबू एकदा आजारी पडला. साहेबानं समोर दिसलेल्या बाईला विचारलं, "आकडे वाचता येतात का?" पार्बताबाई सातवी शिकलेली. म्हणाली, "येतात." बाबू परत आला तो दुसऱ्या कामावर. पेटीची झडप उघडायचं काम पार्बताबाईकडेच राहिलं. सकाळी साडेसात, दुपारी अडीच. पारा डोळ्यासमोर आणायचा, श्वास त्याच्यावर जाऊ द्यायचा नाही, आधी दशांश वाचायचा, मग डिग्री. रजिस्टरात ती लिहायची अन् खाली साहेब सही करायचे. हजेरीत तिच्या नावासमोर शेवटपर्यंत "मजूर, स्त्री" एवढंच लिहिलेलं राहिलं.

कंपनी विकली गेली. प्रक्षेत्रावर प्लॉट पडले. हिशेब घ्यायला गेली तेव्हा तिनं विचारलं होतं, "रजिस्टरं कुठी गेले?"

"रद्दीत," चौकीदार म्हणाला. "काहून? तुमाले काय कामाचे?"

हिशेबाचे पैसे घेऊन ती परतली. पण ते तिच्या मनात रुतून बसलं. सव्वीस वर्षं रोज दोनदा पाहिलेलं ऊन कुठंच नव्हतं. म्हणूनच चार वर्षांनी लेक मोनालीनं अमरावतीहून फोन करून "आई, तुह्यासाठी एक चीज पाह्यली" असं सांगितलं, तेव्हा पार्बताबाई दुसऱ्याच दिवशी अमरावतीच्या गाडीत बसली.

मोनाली अमरावतीत कॉम्प्युटरच्या क्लासमध्ये शिकवायची. तिच्या क्लासखालीच कुंदनचं दुकान. कुंदन तिशीतला, दाढी कोरलेली, बोलणं असं की समोरच्यानं पाणी मागितलं तर सरबताची एजन्सी गळ्यात मारेल. त्यानं काउंटरवर एक यंत्र मांडून ठेवलं होतं. वर वाऱ्याच्या तीन वाट्या, मध्ये एकावर एक ठेवलेल्या पांढऱ्या बशांसारखी डबी, बाजूला नरसाळ्यासारखं पावसाचं भांडं. पार्बताबाईनं डबीवरून बोट फिरवलं. आपली झडपांची पेटीच धुऊन आटल्यासारखी दिसत होती.

"मावशी, याले नोड म्हंतात," कुंदन म्हणाला. "नोड म्हंजे गाठ समजा. जाळ्याची एक गाठ. अशा हजारो गाठी दुनियाभर लोकांच्या स्लॅबवर हायेत. हे यंत्र तुमच्या घरचं ऊन, वारा, पानी मोजते अन् नेटवर पाठवते."

"कोनाले?"

"सगळ्यांले."

"मालक कोन हाये याचा?"

"तेच तं. मालकच नाही." कुंदननं दोन्ही हात पसरले. "मदात कोनी बसेलच नाही. साहेब नाही, हेड ऑफिस नाही. तुमी आकडा देल्ला, की बाकीच्या गाठी त्याले तपासतात. बरोबर असला की बक्षीस. टोकन म्हंतात त्याले."

"टोकनाचा सांभार किती येते?"

"आता नाही येत. पुढं येईन. भाव चढला म्हंजे."

पार्बताबाईनं टोकनाचा विषय तिथंच सोडला. तिला दुसरंच काही विचारायचं होतं. "नाव कोनाचं राहते त्या आकड्यावर?"

"तुमचं."

"सही?"

"सहीच नाही लागत, मावशी. अन् एकदा चढलेला आकडा कोनी पुसू शकत नाही. कोन्या साहेबाचा बाप आला तरी."

पार्बताबाईनं लेकीकडं पाहिलं. "घे," ती म्हणाली.

यंत्र घेणं सोपं होतं. पुढचं सगळं नाकी नऊ आणणारं.

आधी खातं उघडायचं. खात्याची चावी म्हणून फोननं इंग्रजीतले बारा शब्द दिले. ते कागदावर लिहून लपवायचे, कुणाला दाखवायचे नाहीत, हरवले तर सगळं गेलं. मोनालीनं ते दोनदा समजावलं. पार्बताबाईनं कागद देव्हाऱ्यात देवीच्या फोटोमागं ठेवला. नवरा सूर्यभान जपाला बसला की त्याला तो दिसायचा. "कोन्या महाराजाचा मंत्र हाये?" त्यानं विचारलं. "हात नका लावू," पार्बताबाई म्हणाली. सूर्यभान दुरूनच त्याला हात जोडायला लागला.

मग कुंदन यंत्र बसवायला मोनालीबरोबर अकोल्याला आला. त्यानं पाण्याच्या टाकीशेजारच्या कठड्याला पाइप ठोकायला घेतला.

"इथी नाही," पार्बताबाई म्हणाली.

"काहून?"

"खाली कुलर हाये. त्याची हवा वर येते. अन् टाकीची सावली चार वाजता इकडं सरकते. तिकडच्या कोपऱ्यात लावा. अन् स्लॅबच्या वर माणसाच्या डोक्याइतकं. स्लॅब तापते, तिची धग आकड्यात येईन."

"मावशी, कोन पाहते एवढं?"

"मी पाह्यते."

कुंदननं सगळं उखडून पुन्हा ठोकलं. जाताना घामेजल्या तोंडानं मोनालीला म्हणाला, "तुमच्या आई डेंजर हायेत."

नेटवर्कचाही नखरा कमी नव्हता. चारी बाजूंनी फोटो मागितले. ते नाकारले. निंबाची फांदी दिसते म्हणे. फांदी छाटून पुन्हा फोटो पाठवले. अंधुक आहेत म्हणे. तिसऱ्यांदा पाठवले तेव्हा काही न बोलता घेतले. मग साठ दिवसांची परीक्षा सुरू झाली. साठ दिवस यंत्र न थांबता चाललं पाहिजे, आकडे खरे निघाले पाहिजेत, तरच गाठ पक्की. तोवर बक्षीस अडकवून ठेवलेलं, अन् आकड्यांपुढं नावाऐवजी "तपासणीत" अशा अर्थाचा करडा शब्द.

पहिल्या चार दिवसांत ही परीक्षा तीनदा मोडली. कारण सूर्यभान.

सूर्यभान तसा गरीब माणूस. दीड एकराच्या वावरात मेथी, सांभार, पालक काढायचा. बायको हर्राशीला गेली की घर झाडून, ढोराला वैरण टाकून, मग वावरात जायचा. कुणाला दुखावणं त्याला जमायचं नाही. पण घरातल्या बटणांशी त्याचं जन्माचं वैर होतं. घराबाहेर पडताना एकूण एक बटण खाली पाडायचं हे त्याचं व्रत. त्यात नेटच्या डबीचंही बटण गेलं.

"रिकामा लाइट जळून राहिला व्हता," तो म्हणाला.

"तो रिकामा नाही जळत."

"मंग काय करते तो?"

"चालते तो."

"कुठी?"

पार्बताबाईनं त्या बटणावर चिकटपट्टी मारली, वर लाल कुंकवाचं बोट उमटवलं. कुंकू पाहिल्यावर मात्र सूर्यभाननं त्याला कधी हात लावला नाही. वीज जायची तेव्हासाठी इन्व्हर्टर होतंच. दिवस मोजायला लागले. दहा. वीस. पस्तीस. पार्बताबाई रोज दुपारी अडीच वाजता फोन उघडायची, वरचा मोठा आकडा वाचायची, स्लॅबवर जाऊन स्वतःच्या कातडीवर तो ताडून पाहायची अन् मान हलवून खाली यायची. चाळीस दिवस पूर्ण झाले. वीसच उरले होते. हर्राशीतल्या बायांना तिनं सांगून टाकलं होतं, "आता पेपरवाल्यांले म्हना, माहं नाव टाकून छापा."

एक्केचाळिसाव्या दिवशी ती हर्राशीत असतानाच मोनालीचा फोन आला.

"आई, तिकडे पाऊस पडून राहिला का?"

"कुठी?"

"अकोल्यात. आपल्या घरी."

"उन्ह लागलं का तुह्या डोक्याले? वैशाख चालू हाये."

"आई, नेटवर्कनं पत्र पाठवलं. आपल्या यंत्रात नऊ दिवसांपासून रोज सकाळी सव्वासातच्या सुमाराले पाऊस दिसते. अकरा मिलिमीटर. कधी बारा. उपग्रहाच्या फोटोत तं ढगाचा ठिपका नाही. ते म्हंतात, हे केंद्र खोटे आकडे देते."

पार्बताबाईच्या हातातली जुडी तशीच राहिली. "खोटे?"

"तीन दिवसांत कारन सांगा म्हंतात, तवरोक दिवस मोजनं बंद. नाही तं गाठ कायमची बंद."

घरी येऊन ती थेट वर गेली. भांडं कोरडं ठणठणीत होतं. खालची नळी पाहिली, तारा पाहिल्या. टाकी कुठं गळत नव्हती. शेजाऱ्याचा पाइप इकडं येत नव्हता. मग तिच्या लक्षात आलं की सव्वासात ही तिची हर्राशीची वेळ. दुसऱ्या दिवशी तिनं भाजी शेजारणीच्या टोपल्यात घातली अन् स्वतः टाकीच्या मागं जाऊन बसली.

सव्वासाताला जिन्यात चपला वाजल्या. सूर्यभान हातात पाण्यानं भरलेला स्टीलचा गिलास घेऊन वर आला. कठड्यावर दोन चिमण्या होत्या. तो त्यांच्याशी बोलायला लागला. "या, या. भेऊ नका. आज थंडं आनलं. माठातलं." असं म्हणत त्यानं अख्खा गिलास पावसाच्या नरसाळ्यात ओतला. सावकाश, सांडू न देता, देवाला पाणी घालावं तसा.

"काय करून राहिले?"

सूर्यभान एवढा दचकला की गिलास खाली पडून गडगडत गेला. "तू हर्राशीले नाही गेली?"

"मी काय इचारून राहिली?"

"पाखरांले पानी."

"त्याच्यात?"

"त्यांच्या पान्याचं मातीचं परळ फुटलं नं. मांजरीनं पाडलं, झाले आठ-दहा रोज. म्हटलं नवीन आनेपावतो यांचे हाल. अन् हे तं किती मस्त बनवेल हाये. वरून चौडं, मदात जाळी, पाखरू बुडू नाही म्हनून." त्याच्या आवाजात कंपनीबद्दल खरंच कौतुक होतं.

"अन् पानी जाते कुठी त्याच्यातलं?"

"पेतात नं. लय तहानेल हायेत बिचारे. गिलासभर पानी पाच मिन्टात सफा करतात."

पार्बताबाईनं डोक्याला हात लावला. "अजी, दोन चिमन्या गिलासभर पानी पाच मिन्टात पेतात? ते पावसाचं भांडं हाये. त्यात पानी गेलं की ते पाऊस मोजते."

सूर्यभाननं भांड्याकडं पाहिलं, आभाळाकडं पाहिलं. "मंग पावसाळ्यात मोजन नं. आता कुठी पाऊस हाये? तवरोक पाखरांच्या कामात आलं तं काय बिघडलं?"

ती पुष्कळ ओरडली. बटणं, फांदी, चाळीस दिवस, सगळं त्याच्यावर ओतलं. सूर्यभान मान खाली घालून ऐकत राहिला. शेवटी हळूच म्हणाला, "तू मले सांगतलंच नाही ते कायचं भांडं हाये. मंत्राले हात लावू नका म्हनलं, नाही लावला. बटनाले नका म्हनलं, नाही लावला. याचं तू बोललीच नाही."

तो खाली गेला. ती तिथंच उन्हात बसून राहिली.

त्याच्यावर सगळं ढकलून मोकळं होता आलं असतं तर बरं झालं असतं. पण मनात दुसराच खडा टोचत होता. नऊ दिवस रोज फोन उघडून ती वरचा तापमानाचा आकडा पाहत होती. पावसाचा रकाना त्याच पानावर खाली होता. बोटानं जरा सरकवलं असतं तर दिसला असता. तिनं सरकवलं नाही. वैशाखात पावसाचा रकाना कोण पाहतो?

प्रक्षेत्रावरही कोणी पाहत नव्हतं. होळी झाली की पाऊसमापीचं झाकण काढायचंच नाही, रजिस्टरात शून्य पॉइंट शून्य ओढत जायचं. कधी कधी अख्ख्या आठवड्याचे शून्य ती एका बैठकीत लिहायची. साहेबांचं तर विचारूच नका. रविवारी कुणी यायचं नाही, अन् सोमवारी साहेब रविवारचे आकडे मनानंच सांगायचे. "शनिवारपेक्षा थोडं जास्त टाक. पॉइंट चार." ती टाकायची. सही त्यांची होती, आपल्याला काय, असं तिला तेव्हा वाटायचं.

तिसऱ्या दिवशी, म्हणजे मुदतीच्या शेवटच्या दिवशी, ती अमरावतीला गेली. मूर्तिजापूर येईपर्यंत तिनं मनात पूर्ण भाषण तयार केलं होतं. कुंदनच्या दुकानात पाय ठेवताच ती म्हणाली, "मले त्या नेटवर्कच्या साहेबाशी बोलाचं हाये."

"साहेबच नाही, मावशी. मी सांगतलं व्हतं नं."

"मंग साहेबाच्या खालचा कोनी?"

"खालचाही नाही. कोनीच नाही. नियम लिहून ठेवले हायेत, त्याच्यावर आपोआप चालते."

"नियम कोनी लिहिले? त्याले फोन लाव."

"ते सगळ्यांनी मिळून लिहिले."

"सगळ्यांतल्या एकाले लाव."

मोनाली हसू दाबत होती. "आई, बस आधी. पानी पे."

"मले नाही पेयाचं पानी. पाऊस खोटा व्हता, मान्य. पन तापमान तं खरं व्हतं? चाळीस दिवसांचा एकूण एक आकडा मी स्लॅबवर जाऊन पाह्यला. हे मी कोनापाशी बोलू? आमच्या प्रक्षेत्रावर निदान साहेब तं व्हता. ऐकत नव्हता, पन त्याच्या टेबलासमोर उभं राहून बोलता तं येत व्हतं."

कुंदननं फोन तिच्यासमोर धरला. त्यावर कारण सांगायच्या तीन चौकटी होत्या. त्यानं एकेक वाचून दाखवली. पहिली, स्थानिक पाऊस, खरोखर पडला. दुसरी, यंत्रात बिघाड. तिसरी, माणसाचा हस्तक्षेप.

"दुसरी दाबली तं यंत्र तपासाले पाठवा लागते, दोन महिने गेले. तिसरी दाबली तं आतापावतोचे सगळे दिवस बाद. तापमानासकट. जमा झालेलं बक्षीस जप्त, अन् पहिल्यापासून साठ." त्यानं आवाज खाली आणला. "पहिली दाबा."

"पहिली? पाऊस पडला म्हनून?"

"हाव. मंग नेटवर्क आजूबाजूच्या गाठीवाल्यांले इचारते, खरंच पडला का? ते मत देतात. अमरावती-अकोल्याचे आमी बावीस जन एका ग्रुपवर हाओत. मी मेसेज टाकतो, अर्ध्या घंट्यात बावीसही हाव म्हंतीन. झालं. उद्या तुमचा बेचाळिसावा दिवस."

"त्यांनी कुठी पाह्यला पाऊस?"

"नाही पाह्यला. मी तरी कुठी पाह्यला त्यांचा वारा? मागच्या महिन्यात एकाच्या वाऱ्याच्या वाटीत पतंगीचा मांजा अडकला व्हता, आमी सगळ्यांनी वारा पडेल हाये म्हनून मत देल्लं. एकमेकांले सांभाळा लागते, मावशी."

पार्बताबाई त्याच्याकडं पाहत राहिली. "अन् तो पाऊस मंग राहीन? वैशाखात, अकोल्यात, नऊ दिवस, रोज अकरा मिलिमीटर? माह्या नावावर?"

"राहीन नं. कोनी पुसू शकत नाही."

तो हे तिला धीर द्यायला बोलला होता. पार्बताबाईनं खुर्ची मागं सरकवली.

"कुंदन, बावीस जनांनी पाह्यला म्हनून सांगतलं तरी ते चिमन्यांचं पानी हाये रे बाप्पा."

"कोन तपासते?"

"उद्या कोनी तपासलं अन् हसलं, तं माह्यावरच हसन नं? तुह्या बावीस जनांवर नाही." ती लेकीकडं वळली. "तिसरी दाब."

"आई, चाळीस दिवस जातीन," मोनाली म्हणाली. "थोडा इचार कर. फांदी छाटली, फोटो काढले, बाबाले किती बोलली तू. सगळं पान्यात."

"पान्यातच गेलं. दाब."

कुंदन उठून उभा राहिला. आता त्याच्या बोलण्यातलं सरबत संपलं होतं. "मावशी, माह्या मार्फत बसवलेली गाठ नापास झाली तं माह्याही नावापुढं लाल फुली येते. तुमाले काय, हौस हाये. माहा धंदा हाये."

"मले हौस नाही. सव्वीस वर्षं मी दुसऱ्याच्या सहीवर रविवार लिहिले." एवढं बोलून ती थांबली. रविवारची गोष्ट तिनं अजून लेकीलाही सांगितली नव्हती, अन् ती या पोराला काय कळणार होती. "दाब, मोने."

मोनालीनं तिसरी चौकट दाबली. खाली एक रिकामी ओळ उघडली. खुलासा लिहा, दीडशे अक्षरांत.

"हां, हे बरं झालं," पार्बताबाई सरसावली. "लिही. मी पार्बताबाई. मी सव्वीस वर्षं प्रक्षेत्रावर रोज दोन टाइम पारा वाचला. आमच्या घरच्यांचं परळ मांजरीनं फोडलं..."

"आई, अर्धे अक्षरं संपले."

"इतक्यात? बरं, मांजर काढ. लिही, आमच्या घरच्यांनी पाखरांले पानी पाजलं, त्यांची चूक नाही, त्यांले मी सांगतलंच नव्हतं, अन् मी पन पावसाचा रकाना..."

"नाही बसत."

"काय नाही बसत?"

"बाबा नाही बसत."

पार्बताबाईनं कुंदनकडं रागानं पाहिलं, जणू अक्षरं त्यानंच मोजून दिली होती. कुंदन पाठ करून दुसऱ्याच यंत्राचे स्क्रू काढत बसला होता. मोनाली टाइप करायची, खोडायची, वाचून दाखवायची. सव्वीस वर्षं गेली. प्रक्षेत्र गेलं. परळ गेलं. घरचे गेले. शेवटी उरलं ते तिनं मोठ्यानं वाचलं.

"पाऊस नव्हता. पाखरांसाठी ओतलेलं पाणी होतं. रकाना मी पाहिला नाही. तापमान खरं आहे, ते मी स्वतः पाहिलं. पार्बताबाई."

"मराठीत चालते का?"

"माहीत नाही. टाकू?"

"टाक."

एक मिनिटही झालं नाही अन् उत्तर आलं. मोनालीनं ते दोनदा वाचलं.

"काय म्हंते?"

"एक्केचाळीस दिवस अमान्य. आज पहिला दिवस."

"तापमानाचं काय म्हंते?"

"काईच नाही म्हणत."

"वाचलं तरी का कोनी?"

"मशीन वाचते," कुंदन पाठमोराच म्हणाला.

पार्बताबाईनं पिशवी उचलली. दुकानाबाहेर आली तर रस्त्यावर ऊन नुसतं पांढरं झालेलं. एका रिक्षाच्या सावलीत उभं राहून तिनं घरी फोन लावला. कालपासून तिनं सूर्यभानशी धड बोलणं केलं नव्हतं.

"काय झालं?" त्यानं भीत भीत विचारलं.

"पहिला दिवस."

"म्हंजे पास?"

"नापास. पुन्हा पहिलीत."

"मंग आता साठ रोज मी वर नाही चढाचं?"

हाव म्हणायला तिनं तोंड उघडलं होतं. पण साठ दिवस पहाटेपासून नऊपर्यंत ती हर्राशीत राहणार होती, अन् त्या वेळात वर काय होतं ते पाहायला घरात दुसरं माणूस नव्हतं. हे तिच्या लक्षात आलं तसा तिला त्याचाही राग आला.

"चढा," ती म्हणाली. "रोज सकाळी साडेसातले चढा. भांड्यात वाकून पाहा, पाला पडला का, कोनाचं पानी पडलं का. मंग मले फोन करून सांगजा. हात लावाचा नाही."

"नुसतं पाहाचं?"

"नुसतं पाहाचं. अन् दिसन तेच सांगाचं. काई नसलं तं काई नाही म्हनून सांगाचं. पाहून. न पाहता नाही."

"अन् चिमनी बसेल असन तं?"

"अजी..." बाजूनं एक बस हॉर्न देत गेली. तिनं दुसरा कान बोटानं झाकला. "तं चिमनी बसेल हाये म्हनून सांगा," ती वैतागून म्हणाली, अन् फोन ठेवून स्टँडच्या रस्त्याला लागली.